मेलबर्नची ई क्लास ट्राम: फ्लोअर खाली आला, आता स्टॉप वर यायला हवेत

मेलबर्नमधल्या आपल्या मराठी ग्रुपवर दर उन्हाळ्यात कोणीतरी विचारतंच की आईबाबा भारतातून येतायत, गुडघ्यांचा त्रास आहे, ट्रामने फिरवता येईल का. मग खाली अर्धे लोक लिहितात, अगदी आरामात, काही काळजी करू नका, आणि अर्धे लिहितात, नका हो, पायऱ्या फार उंच असतात. गंमत म्हणजे दोघांचंही बरोबर असतं, कारण दोघं वेगवेगळ्या ट्रामबद्दल बोलत असतात. म्हणून म्हटलं एकदा नीट लिहावं, मुख्यतः ई क्लासबद्दल, कारण सध्या या शहरात बाबागाडी, काठी, व्हीलचेअर किंवा भाजीची ट्रॉली घेऊन फिरायचं तर हीच ट्राम सगळ्यात चांगली आहे असं माझं ठाम मत आहे. तिच्याबद्दल लिहायचं म्हणजे स्टॉपबद्दल पण लिहावं लागणार, ते पुढे येईलच.

आधी ट्राम. ई क्लास म्हणजे ती लांबलचक पांढरी-हिरवी-करडी गाडी, ३३ मीटरची, तीन भागांची, ९६ नंबरच्या रूटवर सगळ्यात जास्त दिसते. बॉम्बार्डियर कंपनीने इथेच डँडेनाँगच्या कारखान्यात बनवली (२०२१ मध्ये बॉम्बार्डियरचा रेल्वे धंदा आल्स्टॉमने घेतला, तोच कारखाना आता त्यांचा). नोव्हेंबर २०१३ मध्ये पहिली गाडी ९६ वर धावली, आधी ५० ची ऑर्डर होती, मग वाढत वाढत १०० झाल्या आणि शेवटची २०२१ मध्ये आली. दोनशे दहा माणसं मावतात.

चढताना काय होतं ते सांगते. बर्क स्ट्रीट मॉलच्या प्लॅटफॉर्मवर तुम्ही उभे आहात, बाबागाडीत पोरगं झोपलंय, हँडलला दोन पिशव्या लटकतायत. ट्राम येते, रुंद दुपाखी दार उघडतं, आणि आतला फ्लोअर आणि प्लॅटफॉर्म जवळजवळ एका पातळीत. मध्ये एक बारीक फट. पुढची चाकं किंचित उचलली न उचलली की गाडी आत. कोणाला "जरा हात लावता का" म्हणायला लागत नाही, ड्रायव्हरला थांबवायला लागत नाही, मागच्यांचा खोळंबा होत नाही, पोरगं जागं होत नाही. हे सगळं पाच सेकंदात होतं आणि तुम्हाला काही झाल्यासारखं वाटतच नाही. ज्यांनी आयुष्यभर एसटीची नाहीतर लोकलची पायरी चढलीये त्यांना विचारा याची किंमत काय असते.

आतमध्ये पण बरं आहे. पुढच्या स्टॉपचं नाव पाटीवर दिसतं आणि ऐकूही येतं, त्यामुळे नजर अधू असलेल्यांना आणि ऐकू कमी येणाऱ्यांना दोघांनाही कळतं. व्हीलचेअरला जागा आहे. एसी व्यवस्थित. बोगीच्या (डबा नव्हे, डब्याखालचा चाकांचा सांगाडा) वर फ्लोअर हलकासा चढत जातो, तो उतार उभं राहिल्यावर पायाला जाणवतो पण अडखळायला होत नाही. बर्क स्ट्रीटवरून स्पेन्सर स्ट्रीटला सदर्न क्रॉस स्टेशनपाशी जे काटकोनी वळण आहे तिथे एकदा लक्ष देऊन बघा, ३३ मीटरची गाडी दोन ठिकाणी वाकत कशी जाते ते. आणि सेंट किल्डाकडे जाताना तो जुन्या रेल्वेमार्गाचा पट्टा लागतो, १९८७ पर्यंत तिथे मोठी ट्रेन धावायची मग त्याची ट्रामलाइन केली, तिथे मोटारी नाहीत, सिग्नल कमी, ट्राम खरोखर सुसाट जाते. पाहुण्यांना मी कायम आधी तिथेच नेते.

आता हा फ्लोअर खाली आणायला एवढा वेळ का लागला, हे मला खूप दिवस कळत नव्हतं. म्हणजे बसचा होतो लो-फ्लोअर तर ट्रामचा का नाही. मग थोडं वाचलं आणि लक्षात आलं की भानगड चाकाखालीच आहे. ट्रामचं लोखंडी चाक साधारण साठ-पासष्ट सेंटीमीटर व्यासाचं असतं. दोन्ही बाजूंची चाकं जोडणारा आडवा दांडा, म्हणजे अ‍ॅक्सल, चाकाच्या मध्यातून जातो, म्हणजे तोच जमिनीपासून तीस-एक सेंटीमीटरवर. त्याच्या वर बोगीचा सांगाडा, स्प्रिंगा, बाजूला मोटर, गिअर. या सगळ्याच्या वर फ्लोअर टाकायचा तर तो सहज ८५-९० सेंटीमीटरवर जातो, आणि रस्त्यावरून तिथपर्यंत चढायचं तर पायऱ्या हव्यातच. शंभर वर्षं जगभर हेच चाललं कारण दुसरा मार्गच सुचत नव्हता.

पहिल्यांदा लोकांनी अर्धा उपाय केला. दोन बोगींच्या मधला भाग खाली आणायचा आणि टोकं तशीच उंच ठेवायची. जिनिव्हात १९८४ मध्ये अशी ट्राम आली, मग फ्रान्समध्ये ग्रनोबलला १९८७ मध्ये. ग्रनोबलची गोष्ट मला विशेष आवडते कारण तिथल्या अपंगांच्या संघटनांनी आग्रह धरला होता की नवीन ट्राम करताय ना, मग आम्हाला चढता आलंच पाहिजे, नाहीतर कशाला करताय. आणि त्यांचं ऐकून ट्रामचं डिझाइन बदललं! फ्लोअर साधारण ३५ सेंटीमीटरवर आणला. इंजिनियरांनी स्वतःहून नाही, ज्यांना चढता येत नव्हतं त्यांनी करून घेतलं हे. पुढे १९९० मध्ये जर्मनीत ब्रेमेनला पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळाच फ्लोअर खाली असलेल्या ट्रामचा नमुना तयार झाला.

पूर्ण फ्लोअर खाली आणायचा तर अनेकांनी तो आडवा दांडाच काढून टाकला, प्रत्येक चाक वेगळं केलं आणि चाकांच्या मधून माणसांना चालायला वाट काढली. फ्लोअरखालचं इलेक्ट्रिकचं सामान उचलून छतावर नेलं, म्हणून या गाड्यांची डोकी अशी जड दिसतात, आणि डेपोत पण कामगारांना छतावर चढून काम करायला नवीन मचाण बांधावे लागले. व्हिएन्नावाल्यांनी तर कमाल केली. त्यांच्या यूएलएफ ट्राममध्ये चाकं डब्याखाली नाहीतच, दोन डब्यांच्या सांध्यात आहेत आणि मोटरी उभ्या, सांध्याच्या भिंतीत लपवलेल्या. त्यामुळे दारापाशी फ्लोअर रस्त्यापासून अठरा-वीस सेंटीमीटरवर, म्हणजे फुटपाथवरून नुसतं पाऊल टाकायचं. प्राग शहराच्या स्कोडा १५टी मध्ये परत वेगळा विचार, तिथे फ्लोअर सगळा खाली आहे आणि तरी बोग्या वळणावर वळतात, शिवाय प्रत्येक चाकाला स्वतःची मोटर.

वळणाचा मुद्दा का आला तर सांगते. फ्लोअर खाली आणण्याच्या नादात बऱ्याच कंपन्यांनी बोगी डब्याला पक्की बांधून टाकली, ती वळेनाशी झाली. मग वळणावर डबाच्या डबा वळवावा लागतो, आणि अशा दोन डब्यांच्या मध्ये एक बिनचाकी डबा टांगलेला असतो. सरळ रस्त्यावर उत्तम, पण जुन्या शहरातल्या नागमोडी रुळांवर सगळा पीळ त्या सांध्यांवर येतो. सीमेन्सच्या कॉम्बिनो ट्रामचं हेच झालं. ही ट्राम १९९६ पासून आली, जगभरात खपली, मेलबर्नमध्येही डी क्लास म्हणून ५९ गाड्या आल्या. आणि २००४ मध्ये कळलं की अ‍ॅल्युमिनियमच्या बॉडीला तडे जातायत, एस आकाराच्या वळणांवर पडणारा पीळ डिझाइनमध्ये धरला होता त्यापेक्षा जास्त निघाला. मार्च २००४ मध्ये सीमेन्सने ज्या गाड्या १,२०,००० किलोमीटरपेक्षा जास्त धावल्यात त्या बाहेर काढा असं शहरांना सांगितलं, आणि दुरुस्तीचा प्रचंड खर्च कंपनीला आला. आज आपण पाऊल टाकून सहज आत जातो त्यामागे असे महाग धडे आहेत, ते विसरू नये असं मला वाटतं.

मेलबर्नमध्ये लो-फ्लोअर ट्राम कशी आली ती पण मजेशीर हकीकत आहे. १९९९ मध्ये सरकारने ट्राम खासगी कंपन्यांना चालवायला दिली, आणि शहराचे दोन भाग करून दोन कंपन्यांना दिली. दोघांनी आपापल्या पसंतीने खरेदी केली, यारा ट्राम्सने फ्रान्सहून आल्स्टॉमची सिटाडिस आणली (ती सी क्लास, ३६ गाड्या, २००१ पासून) आणि दुसऱ्या कंपनीने सीमेन्सची कॉम्बिनो. एकाच शहरात, एकाच रुळांवर, दोन वेगळ्या देशांच्या दोन वेगळ्या विचारांच्या गाड्या. दुसऱ्या कंपनीची मालक असलेली नॅशनल एक्स्प्रेस २००२ च्या डिसेंबरात सोडून गेली, पुढे सगळं एका हाताखाली आलं, पण गाड्या अजून तशाच दोन जातींच्या आहेत. नंतर २००८ मध्ये फ्रान्समधल्या म्यूलूझ शहराकडून पाच सिटाडिस भाड्याने आणल्या, त्यांना सगळे बंबलबी म्हणायचे. ई क्लास या सगळ्यांनंतरची, म्हणजे आधीच्यांकडून शिकून, इथले रूळ आणि इथली गर्दी बघून मागवलेली पहिली लो-फ्लोअर ट्राम, आणि तो फरक बसल्यावर कळतो. सी क्लास छोटी आहे, गर्दीत आत शिरलेली बाबागाडी वळवायला जागा राहत नाही. ई मध्ये राहते.

तक्रार एकच मोठी, ती म्हणजे बसायला जागा कमी. २१० माणसांत ६४ सीट. चाकं फ्लोअरच्या वर आल्यामुळे जी जागा खाल्ली जाते ती सीटांचीच असते, आणि दारं रुंद केली की तिथेही सीट जातात. संध्याकाळी साडेपाचला ऑफिस सुटल्यावर म्हातारं माणूस चढलं सहज पण उभं कुठे राहणार? म्हणजे ज्यांच्यासाठी फ्लोअर खाली आणला त्यांनाच बसायला मिळालं नाही तर ते अर्धवट झालं. लोक उठून जागा देतात हे खरं, मेलबर्नकर त्या बाबतीत चांगले आहेत, पण डिझाइनने लोकांच्या चांगुलपणावर किती विसंबायचं. सकाळी दहा ते दुपारी तीन या वेळात न्या वडीलधाऱ्यांना, आरामात सीट मिळते.

आणि आता स्टॉप. इथे मला खरं बोलायचंय.

गेल्या वर्षी सासूबाई नाशिकहून आल्या होत्या, एका गुडघ्याची वाटी बदललेली, दुसरा दुखणारा. पहिल्या आठवड्यात ९६ ने सेंट किल्डाला नेलं, लुना पार्क बघितलं, समुद्र बघितला, येताना त्या स्वतः पुढे होऊन ट्राममध्ये चढल्या, इतक्या खुश की घरी फोन करून सगळ्यांना सांगितलं. मग दुसऱ्या आठवड्यात एका जुन्या रूटवर, एका साध्या रस्त्यातल्या स्टॉपवर आम्ही उभ्या होतो. तिथे प्लॅटफॉर्म नाही, नुसता खांब आणि पाटी. ट्राम रस्त्याच्या मधोमध थांबते, फुटपाथवरून उतरून मोटारींची एक लेन ओलांडून जायचं, दार उघडं असेपर्यंत मोटारींनी मागे थांबायचं असा कायदा आहे. आली ती लो-फ्लोअरच ट्राम होती! पण रस्त्यापासून तो लो फ्लोअर सुद्धा ३०-३५ सेंटीमीटर वर, म्हणजे घरातल्या जिन्याच्या दोन पायऱ्या एकदम. धरायला दांडा दाराच्या आत. सासूबाईंनी एक पाय वर टाकला आणि दुसऱ्यात जोरच येईना. मी एका हाताने बाबागाडी धरलेली, दुसऱ्याने त्यांना. एका कॉलेजच्या मुलाने आतून दोन्ही हात दिले, मागून एका बाईने आधार दिला, तेव्हा चढल्या. सीटवर बसल्यावर त्या म्हणाल्या, "अगं, हीच ना ती परवाची गाडी?" गाडी तशीच होती हो. स्टॉप तो नव्हता.

हे एकट्या आमचं नाही. आपल्या व्हिक्टोरिया राज्याच्या ऑडिटर जनरलचा २०२० चा अहवाल आहे, त्यात म्हटलंय की २०१८-१९ मध्ये ट्रामच्या फक्त १५ टक्के फेऱ्या अशा होत्या जिथे लो-फ्लोअर ट्राम आणि समपातळीचा स्टॉप हे दोन्ही जमून आलं. पंधरा टक्के! कायद्याने देशभरातले ट्राम स्टॉप २०२२ च्या अखेरपर्यंत सगळ्यांना वापरता येतील असे व्हायला हवे होते आणि ट्राम गाड्या २०३२ च्या अखेरपर्यंत. स्टॉपची तारीख उलटून गेली, आणि नुसता खांब असलेले स्टॉप आजही शहरभर दिसतात.

आणि घोळ दोन्ही बाजूंनी आहे. स्वान्स्टन स्ट्रीटवर प्लॅटफॉर्म एकदम छान, रुंद, पण त्यावर अजून बी क्लास आणि झेड क्लासच्या पायऱ्यांच्या ट्राम येतात, म्हणजे प्लॅटफॉर्मवरून पहिली पायरी वाचते, पुढच्या चढायच्याच, आणि व्हीलचेअरवाल्याने नुसतं बघत बसायचं पुढची लो-फ्लोअर कधी येते. दुसरीकडे काही रूटना नवीन ट्राम आणि जुनाच स्टॉप. आणि सिडनी रोडवर १९ नंबरला बहुतेक ठिकाणी ट्रामही उंच आणि स्टॉपही रस्त्यावर. ट्राम आणि स्टॉप या जात्याच्या दोन तळ्या आहेत, एक कितीही चांगली आणली तरी दुसरीशिवाय पीठ पडत नाही.

असं का झालं याचं कारण मला वाटतं मेलबर्नच्या नशिबातच आहे. ग्रनोबलने १९५२ मध्ये जुनी ट्राम बंद केली होती, १९८७ मध्ये कोऱ्या पाटीवर नवीन बांधली, त्यामुळे रूळ, गाडी, स्टॉप सगळं एकाच मापाने आलं. आपल्याकडे मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला बोरीबंदरहून दादरला गेली आणि विषय संपला. मेलबर्नमध्ये मात्र रॉबर्ट रिसन नावाचे ट्राम बोर्डाचे अध्यक्ष होते, १९४९ पासून १९७० पर्यंत, सगळं जग ट्राम उखडत असताना हा माणूस हटला नाही. म्हणून आज २५० किलोमीटरचं, जगातलं सगळ्यात मोठं ट्रामचं जाळं इथे आहे. पण त्याबरोबर १७०० च्या वर स्टॉप पण आलेत, अरुंद जुन्या रस्त्यांवरचे, जिथे एका बाजूला दुकानं, पार्किंग, सायकलवाले, आणि प्लॅटफॉर्म बांधायचा म्हटलं की पार्किंग जाणार म्हणून दुकानदार विरोध करणार, दोन स्टॉप मिळून एक करायचा म्हटलं की राहणारे विरोध करणार. मला दुकानदारांची काळजी कळते. पण जी माणसं ट्राममध्ये चढूच शकत नाहीत ती त्या दुकानात पण येत नाहीत ना, हे कोणी मोजतच नाही.

काही ठिकाणी एक छान तोड काढलीये, मोटारींची लेनच स्टॉपपाशी उंच केलीये, फुटपाथच्या पातळीत. मोटारी त्यावरून हळू जातात, ट्राम आली की मागे थांबतात आणि माणसं फुटपाथवरून सरळ चालत ट्रामच्या दारात. जागा जास्त लागत नाही. मी वापरलाय असा स्टॉप आणि अरुंद रस्त्यांवर सगळीकडे हाच करावा असं माझं म्हणणं आहे. मीटिंगला बोलवलं तर जाऊन सांगेन.

आता पुढे जी क्लास ठरलीये, १०० गाड्या, २०२२ मध्ये ऑर्डर दिली, त्याच डँडेनाँगमध्ये बनवायच्या, ई पेक्षा आखूड म्हणजे २५ मीटरची, आणि ती ५७, ५९ आणि ८२ या रूटवर झेड आणि ए क्लासच्या पायऱ्यावाल्या ट्रामच्या जागी आणायची असं ठरलंय. हे रूट पश्चिमेकडचे आणि उत्तर-पश्चिमेकडचे, तिकडे आपली बरीच मंडळी राहतात, त्यामुळे खूप फरक पडेल. फक्त गाड्यांबरोबर स्टॉपचंही काम व्हायला हवं, आपल्या भागाच्या आमदाराला आणि कौन्सिलला मेल टाका, मी टाकलाय, उत्तर आलं.

मार्क द्यायचे तर ई क्लासला पाचपैकी साडेचार, अर्धा सीटांसाठी कापला. स्टॉपना सरसकट दोन, ९६ च्या स्टॉपना मात्र साडेचार.

जे पाहुण्यांना फिरवणार आहेत त्यांच्यासाठी: ट्रामट्रॅकर अ‍ॅपमध्ये येणारी ट्राम लो-फ्लोअर आहे का ते व्हीलचेअरच्या चिन्हावरून कळतं, पण स्टॉप कसा आहे ते नकाशात आधी बघून ठेवा, चढायचा पण आणि उतरायचा पण, कारण उतरताना मोठी पायरी जास्त त्रास देते. ट्रामच्या पुढे गाडीचा नंबर लिहिलेला असतो, ३००० च्या वरचा असेल तर लो-फ्लोअर, ६००० च्या वरचा असेल तर ई क्लास, ३००० च्या खालचा असेल तर पायऱ्या आहेत, सोडून द्या आणि पुढची घ्या. शहराच्या मध्यभागात फ्री झोन आहे, तिथल्या तिथे फिरायला तिकीट लागत नाही, आणि सासूबाईंसारखं कोणी बरोबर असेल तर ९६ ने म्युझियम, बर्क स्ट्रीट मॉल आणि सेंट किल्डा या तिन्ही ठिकाणी प्लॅटफॉर्म आहेत, दिवस आरामात जातो.